उणे १.८ अंशांतलं घड्याळ : ध्रुवीय समुद्रातले भ्रूण आणि संशोधनाचा प्रश्न

संगमनेरच्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला विचारा, अंड्यातून पिल्लू किती दिवसांत बाहेर येतं? तो डोळे झाकून सांगेल, २१. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आपणही कोंबडीचे भ्रूण वेळेवरूनच ओळखतो. २४ तासांचा, ३३ तासांचा, ४८ तासांचा, ७२ तासांचा. तोंडी परीक्षेला सर स्लाइड पुढे सरकवतात, आपण शरीरखंड मोजतो आणि तास सांगून मोकळे होतो.

पण हे तास नेमके कोणत्या तापमानाचे, हे सहसा कुणी विचारत नाही. हॅचरीत तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास घट्ट धरून ठेवलेलं असतं, म्हणून २१ दिवस. ती अट काढून घेतली की २१ या आकड्याला काही अर्थ उरत नाही. १९५१ साली व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या ४६ अवस्था ठरवून दिल्या, त्या याच कारणाने. त्यांनी वय बाजूला ठेवलं आणि रचना पाहिली: किती शरीरखंड झाले, पंखाची कळी केवढी, डोळ्यात रंग आला का. एकाच वेळी उबवायला ठेवलेली दोन अंडी एकाच अवस्थेत असतील याची खात्री नसते.

आता दुसरं टोक बघा. अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो भागात जिम्नोड्रॅको नावाचा मासा आहे. तिथल्या पाण्याचं तापमान जवळजवळ वर्षभर उणे १.९ अंशांच्या आसपास, म्हणजे खारं पाणी गोठण्याच्या काठावर. या माशाच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला सुमारे आठ ते दहा महिने लागतात. आपल्याकडे रोहूच्या अंड्यातून जिरं बाहेर यायला २७-२८ अंशांच्या पाण्यात साधारण १५ ते १८ तास पुरतात. दोन्ही मासेच, दोघांचीही सुरुवात एका पेशीपासून. मग एवढा फरक कशाने? आणि तो निव्वळ थंडीमुळे आहे, की आणखी कशामुळे?

हा प्रश्न संशोधनाचा प्रश्न कसा होतो, ते या लेखात पाहू. शेवटी नगर जिल्ह्यात बसून, समुद्र न पाहता, यातलं काय करता येईल याकडे येऊ.

डिग्री-डे : शेतकऱ्याला माहीत असलेलं गणित

कृषीचे विद्यार्थी हे गणित पीकवाढीसाठी शिकतात. रोजचं सरासरी तापमान घ्यायचं, त्यातून त्या पिकाचं पायाचं तापमान वजा करायचं आणि बेरीज करत जायचं. ठरावीक बेरीज झाली की पीक फुलोऱ्यावर येतं. थंडी जास्त पडली तर दिवस वाढतात, बेरीज साधारण तीच राहते.

माशांच्या हॅचरीतही हेच चालतं. रेनबो ट्राउट हा थंड पाण्यातला मासा, काश्मीर-हिमाचलात याच्या हॅचऱ्या आहेत. हॅचरीच्या पुस्तकांत त्याचे आकडे असे मिळतात: ४.४ अंशांना सुमारे ८० दिवस, १० अंशांना ३१ दिवस, १५.६ अंशांना १९ दिवस. आता गुणाकार करा. ४.४ × ८० म्हणजे ३५२. १० × ३१ म्हणजे ३१०. १५.६ × १९ म्हणजे २९६. दिवसांत चौपटीहून जास्त फरक आहे, पण गुणाकार ३०० ते ३५० च्या दरम्यान राहतो. त्याला डिग्री-डे म्हणतात.

हेच गणित अंटार्क्टिकाच्या सी अर्चिनला लावून बघू. सी अर्चिन म्हणजे समुद्रतळावरचा गोल, काटेरी प्राणी, तारामाशाचा नातेवाईक. स्टेरेकायनस न्यूमायेरी ही त्याची तिथली सगळ्यात परिचित जात. उणे १.८ अंशांना तिचा भ्रूण सुमारे पाच-सहा दिवसांत आवरण फोडून पोहायला लागतो. गुणाकार केला तर उत्तर येतं उणे १० डिग्री-डे. म्हणजे गणिताप्रमाणे भ्रूण जन्मण्याआधीच मागे चाललाय!

गडबड कुठे झाली? आपण शून्य अंश सेल्सियस हा वाढीचा तळ धरला. पण शून्य सेल्सियस म्हणजे गोडं पाणी गोठण्याचा बिंदू. जीवनाचं शून्य तिथे असलंच पाहिजे असा काही नियम नाही. पायाचं तापमान प्रत्येक प्राण्यासाठी वेगळं काढावं लागतं. रीत सोपी आहे. वेळ उलटा करा (१ भागिले दिवस), म्हणजे वेग मिळतो. वेग उभ्या अक्षावर, तापमान आडव्या अक्षावर. बिंदूंमधून रेषा काढा आणि ती आडव्या अक्षाला कुठे छेदते ते बघा. ट्राउटच्या पहिल्या आणि शेवटच्या आकड्यावरून हा बिंदू सुमारे ०.९ अंशांना येतो. शून्याच्या इतका जवळ, म्हणून ट्राउटला साधा गुणाकार चालून जातो. अंटार्क्टिकाच्या अर्चिनला तो चालणार नाही.

पहिली शिकवण इथेच घ्या. एखादं सूत्र आपल्या आकड्यांवर नीट बसतं, तेव्हा ते कोणत्या गृहीतकामुळे बसतंय हे तपासायचं. टोकाच्या परिस्थितीतले प्राणी त्यासाठीच उपयोगी पडतात, ते लपलेलं गृहीतक उघडं पाडतात.

क्यू-टेन वापरताना घ्यायची काळजी

नेट-सेटच्या तयारीत क्यू-टेन सगळ्यांनी वाचलेलं असतं: तापमान १० अंशांनी वाढलं तर वेग किती पट होतो. ट्राउटचं काढा. ८० भागिले १९ म्हणजे ४.२ पट, पण ते ११.२ अंशांच्या फरकासाठी. १० अंशांवर आणलं की क्यू-टेन येतो ३.६.

आता दोन अर्चिन घेऊ. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा जांभळा अर्चिन १५ अंशांना साधारण एका दिवसात आवरणाबाहेर येतो. अंटार्क्टिकाचा साडेपाच दिवस धरला तर फरक साडेपाच पट, १६.८ अंशांसाठी. उत्तर येतं २.८. म्हणजे जैविक क्रियांसाठी नेहमी सांगतात त्या दोन ते तीनच्या पट्ट्यातच.

पण थांबा. ट्राउटचा ३.६ आणि अर्चिनचा २.८ हे एकाच प्रकारचे आकडे नाहीत. ट्राउटच्या बाबतीत एकच जात वेगवेगळ्या तापमानांना ठेवली होती. अर्चिनच्या बाबतीत दोन वेगळ्या जाती, आपापल्या घरच्या पाण्यात, लाखो वर्षं तिथेच मुरलेल्या. पहिल्यात तापमानाचा तात्कालिक परिणाम मोजला जातो. दुसऱ्यात त्या परिणामासोबत उत्क्रांतीने केलेली भरपाईही मिसळलेली असते. शोधनिबंधात दोन्हींना क्यू-टेन म्हटलेलं सापडेल. वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुलना एका जातीच्या आत आहे की दोन जातींमध्ये?

गोठणाऱ्या पाण्यात पेशीसमोर काय अडचणी येतात

पहिली अडचण बर्फाची. साध्या सागरी माशाचं रक्त उणे ०.८ अंशांच्या आसपास गोठतं. बाहेरचं पाणी उणे १.९. म्हणजे बर्फाचा एक कण आत गेला की खेळ संपला. अंटार्क्टिक माशांच्या रक्तात गोठणरोधक ग्लायकोप्रथिनं असतात, हे आर्थर डीव्रीज यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं. ही प्रथिनं बर्फाच्या कणाला चिकटून त्याची वाढ थांबवतात. आपल्या विषयासाठी मजेची गोष्ट पुढे आहे. काही जातींच्या नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांत ही प्रथिनं पुरेशी नसतातच, तरी ती गोठत नाहीत. २००६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात याचं कारण पिल्लाच्या शरीररचनेत सापडलं: त्वचा अखंड असते आणि कल्ले अजून विकसित झालेले नसतात, त्यामुळे बर्फाला आत शिरायला वाटच मिळत नाही. प्रौढाची युक्ती एक, पिल्लाची दुसरी. विकासाचा अभ्यास का करायचा, याचं हे चांगलं उदाहरण. प्रौढ प्राणी तपासून पिल्लाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी अडचण पेशीविभाजनाची. कांद्याच्या मुळांच्या टोकांचं प्रात्यक्षिक आठवा. गुणसूत्रं मोजायची असतील तर मुळं कधीकधी बर्फाच्या पाण्यात ठेवतात. का? कारण थंडीत सूक्ष्मनलिका सुटून जातात, तर्कू तयार होत नाही आणि विभाजन मध्यावस्थेत अडकतं. सस्तन प्राण्यांच्या सूक्ष्मनलिकाही चार अंशांच्या आसपास विरघळायला लागतात. मग उणे १.८ अंशांतला भ्रूण पहिलं विभाजन तरी कसं करतो? विल्यम डेट्रिच यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की अंटार्क्टिक माशांचं ट्युब्युलिन प्रथिनच थोडं बदललेलं आहे, आणि ते गोठणबिंदूजवळही नीट जुळतं. जे आपल्या कांद्याला थांबवतं, त्यातच त्यांचं विभाजन चालू राहतं.

तिसरी गोष्ट अडचण आणि सवलत दोन्ही आहे. शून्य अंशाजवळच्या समुद्राच्या पाण्यात २८ अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट ऑक्सिजन विरघळतो. भ्रूणाला हे बरं. पण तेच पाणी सुमारे दुप्पट चिकट असतं. अर्चिनचं अंडं जेमतेम ०.१८ मिलिमीटरचं. एवढ्याशा जिवाला पापणीकांनी पोहायचं म्हणजे पातळ पाकात हात मारत जाण्यासारखं आहे.

थॉर्सनचा नियम : एक चांगली कल्पना कशी तपासली गेली

आता पिल्लं कशी वाढवायची हा प्रश्न. समुद्रतळावरच्या प्राण्यांपुढे ढोबळमानाने दोन रस्ते असतात. एक, लाखो बारीक अंडी सोडायची. त्यांतून लार्वा (मराठी पुस्तकांत डिंभ) निघतो, तो पाण्यात तरंगत वनस्पतिप्लवक खातो आणि मोठा झाला की तळावर उतरतो. दुसरा, मोजकी पण भरपूर बलक असलेली मोठी अंडी घालायची, किंवा पिल्लं अंगाखांद्यावर सांभाळायची.

चॅलेंजर जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीनंतर वायव्हिल थॉमसन यांनी दक्षिण समुद्रातले काही काटेरी-त्वचेचे प्राणी पिल्लं अंगावर सांभाळतात याची नोंद केली. पुढे डॅनिश शास्त्रज्ञ गुन्नार थॉर्सन यांनी पूर्व ग्रीनलंडमध्ये काम केलं, आणि १९५० च्या मोठ्या लेखात सगळं एकत्र मांडलं. ध्रुवाकडे जाल तसे तरंगणारे, खाणारे लार्वा कमी होत जातात. कारण पटण्यासारखं होतं. थंडीत लार्वा हळू वाढतो, उन्हाळा छोटा, प्लवकांचा हंगाम त्याहून छोटा. खाणं संपायच्या आत वाढ पूर्ण होणार नाही. याला पुढे थॉर्सनचा नियम म्हणू लागले.

नियम सुंदर होता, आणि बऱ्याच प्राण्यांना लागूही पडत होता. पण १९८० च्या दशकात जॉन पिअर्स, इसिडोर बॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅकमर्डोला नेमके तिथले सगळ्यात जास्त आढळणारे प्राणी बघितले. सर्वांत सामान्य तारामासा ओडोन्टास्टर व्हॅलिडस, आणि आपला स्टेरेकायनस अर्चिन. दोघांचेही लार्वा तरंगणारे आणि खाणारे निघाले! अर्चिनच्या लार्व्याला तळावर उतरण्याजोगं व्हायला सुमारे ११५ दिवस लागतात, तारामाशाच्या लार्व्याला पाच महिन्यांहून जास्त. थॉर्सनच्या हिशेबाने ते उपाशी मरायला हवे होते.

ते मरत का नाहीत? काही उत्तरं मिळाली. थंडीत त्यांचा खर्चच इतका कमी असतो की थोडक्या खाण्यावर बराच काळ तग धरता येतो. शिवाय १९८६ मध्ये तारामाशाच्या या लार्व्याबद्दल कळलं की तो जिवाणूही खातो, म्हणजे प्लवकांचा हंगाम संपला तरी ताट अगदी रिकामं नसतं.

थॉर्सन चुकले आणि बाकीचे बरोबर, असा याचा अर्थ काढू नका. नियम प्रजातींची संख्या मोजत होता, अपवाद मात्र प्राण्यांच्या संख्येत भरपूर होते. किती जाती असं करतात आणि किती प्राणी असं करतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एखादा नियम उद्धृत कराल, तेव्हा तो नेमकं काय मोजून बनवलाय हे एका वाक्यात लिहून बघा. निम्मे गोंधळ तिथेच सुटतील.

क्रिलची गोष्ट याच धाग्यातली. युफॉसिया सुपर्बा हा कोळंबीसारखा दिसणारा प्राणी, देवमाशांपासून पेंग्विनपर्यंत सगळ्यांचं खाणं. मादी पृष्ठभागाजवळ अंडी सोडते, आणि अंडी बुडत जातात, ७०० ते १००० मीटर खोलवर. तिथे फुटतात. मग न खाणारा लार्वा नुसत्या बलकाच्या जोरावर वर पोहत येतो, अवस्था बदलत बदलत, आणि पृष्ठभागाजवळ पोचेपर्यंत त्याचं तोंड तयार झालेलं असतं. बलक आणि प्रवास यांचा मेळ चुकला तर वर पोचायच्या आत शिदोरी संपते.

आणि सांभाळणाऱ्यांचं उदाहरण हवं असेल तर वेडेल समुद्रातलं घ्या. २०२१ मध्ये पोलारस्टर्न या जर्मन जहाजावरच्या कॅमेऱ्याला तळावर आइसफिशची घरटी दिसू लागली, ती संपेचनात. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात अंदाज आला सुमारे २४० चौरस किलोमीटर आणि ६ कोटी घरटी. एका घरट्यात सरासरी १७०० च्या वर अंडी, आणि बहुतेक घरट्यांवर एक प्रौढ मासा राखण बसलेला.

खर्चाचा हिशेब : इथे अजून वाद आहे

आता सगळ्यात रंगतदार भाग. भ्रूणाचा मोठा खर्च प्रथिनं बनवण्यावर होतो. २००१ मध्ये अ‍ॅडम मार्श, रॉबर्ट मॅक्सन आणि डोनल मॅनाहन यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की स्टेरेकायनसचा भ्रूण प्रथिनं भराभर बनवतो, आणि तेवढंच प्रथिन बनवायला इतर प्राण्यांच्या मानाने सुमारे २५ पट कमी ऊर्जा लागते. म्हणजे थंडीवर उत्क्रांतीने मात केली, असं चित्र.

दुसऱ्या बाजूला ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे लॉइड पेक. त्यांनी अनेक गटांतल्या प्राण्यांची आकडेवारी एकत्र ठेवली आणि म्हटलं, पाच अंशांच्या खाली गेलं की वाढ आणि विकास निव्वळ तापमानाच्या गणितापेक्षाही जास्त मंदावतात. वर आपण काढलेल्या एका अर्चिन-जोडीवरून हे दिसणार नाही. पुष्कळ जाती एका आलेखावर ठेवाव्या लागतात. पेक यांचा कयास असा की अडचण प्रथिनं बनवण्यापेक्षा ती नीट घडी घालून टिकवण्यात आहे. थंडीत घडी बिघडते आणि बनवलेला बराचसा माल फेकून द्यावा लागतो. त्याला पूरक पुरावेही आहेत. अंटार्क्टिक माशांमध्ये बिघडलेल्या प्रथिनांवर लागणाऱ्या खुणा जास्त सापडतात. आणि २००० साली ग्रेचेन हॉफमन यांच्या गटाने दाखवलं की ट्रेमॅटोमस या माशात उष्णता-धक्का प्रथिनांचा नेहमीचा प्रतिसादच उरलेला नाही.

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का? असू शकतं. बनवणं स्वस्त आणि टिकवणं महाग, असं होऊ शकतं. किंवा एका जातीचं गणित दुसरीला लागू नसेल. चांगला प्रश्न अशा फटीतच सापडतो. दोन विश्वासार्ह मोजमापं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि दोघांनाही पेलणारं तिसरं मोजमाप अजून कमी झालंय. 'या विषयावर भारतात काम झालेलं नाही' हे वाक्य प्रस्तावात लिहून प्रश्न तयार होत नाही.

यात पणाला लागलेलंही काही आहे. स्टेरेकायनसच्या भ्रूणांचा नीट विकास साधारण दोन अंशांपर्यंतच होतो, त्याहून वर बिघडलेल्या भ्रूणांचं प्रमाण वाढत जातं. आपल्या नगरच्या बेडकाने पहाटे आणि दुपारच्या पाण्यात जेवढा फरक सोसलेला असतो, तेवढाही या प्राण्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला नाही. २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ उपग्रह नोंदीतल्या नीचांकावर गेला. शिवाय इथे पिढी सावकाश बदलते. आठ-दहा महिने अंड्यात काढणाऱ्या प्राण्याला जुळवून घ्यायला वेळ कमी पडतो. प्रौढ प्राणी तगून राहिले आणि भ्रूण बिघडत गेले, तर नुकसान दिसायलाच काही वर्षं जातील.

गोव्यातून अंटार्क्टिका

भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. प्रमुख होते सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. एस. झेड. कासिम. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ. पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होत्या. याच संस्थेचे डॉ. ए. एच. परुळेकर यांनी सहाव्या मोहिमेचं नेतृत्व केलं. १९९५-९६ मध्ये 'सागर संपदा' हे जहाज खास क्रिलच्या अभ्यासासाठी गेलं होतं.

आज या कामाची सूत्रं वास्को-द-गामाच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. मैत्री हे आपलं स्थानक समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे. भ्रूणांच्या अभ्यासाला २०१२ पासून चालू असलेलं, किनाऱ्यालगतचं भारती जास्त सोयीचं. आर्क्टिकमध्ये स्वालबार्डच्या नी-ओलेसुंडला २००८ पासून हिमाद्री आहे, अगदी काँग्सफ्योर्डच्या काठावर.

विद्यापीठांतले आणि महाविद्यालयांतले संशोधकही प्रस्ताव पाठवू शकतात. प्रस्तावानंतर वैद्यकीय तपासणी, औलीला भारत-तिबेट सीमा पोलीस दलाकडे थंडीचं प्रशिक्षण, हे टप्पे असतात. प्राणी गोळा करायचे तर २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याप्रमाणे परवाना लागतो. आणि वेळापत्रक बघा: स्टेरेकायनस अंडी सोडतो दक्षिण गोलार्धाच्या वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. जहाज उशिरा पोचलं तर तुमचा हंगाम निघून गेलेला असतो. प्रस्तावात जहाजाच्या तारखा आणि प्राण्याच्या तारखा शेजारी शेजारी लिहा, परीक्षकाला लगेच विश्वास बसतो.

मग नगरमध्ये बसून काय करायचं?

माझ्या मते सगळ्यात चांगली तयारी म्हणजे इथेच 'तापमान आणि विकास' हा प्रयोग नीट करून बघणं. प्राणी अगदी साधा: तळ्यातली लिम्निया गोगलगाय. शेततळ्यात, कालव्याच्या कडेला, पाणवनस्पतीच्या पानांखाली तिच्या जेलीसारख्या, पारदर्शक अंडपट्ट्या सापडतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या विभाजनापासून कवच येईपर्यंत सगळं दिसतं, आणि खोलीच्या तापमानाला आठवडा-दीड आठवड्यात पिल्लं बाहेर येतात. एक खबरदारी: ही गोगलगाय जनावरांच्या यकृतकृमीची वाहक असते, त्यामुळे हातमोजे घाला. माशांचे किंवा बेडकांचे भ्रूण वापरायचे असतील तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीला विचारा.

प्रयोग आखताना ध्रुवीय प्रयोगशाळा ज्या गोष्टी पाळतात त्याच पाळा:

१. अवस्था रचनेवरून लिहा, तासांवरून नको. 'तीन दिवसांचा भ्रूण' हे दोन तापमानांच्या तुलनेत निरर्थक आहे. 'पापणीकांनी फिरणारा भ्रूण' याला अर्थ आहे.

२. तापमान सतत नोंदवा. इन्क्यूबेटरच्या तबकडीवरचा आकडा म्हणजे पाण्याचं तापमान नव्हे. नोंदणी करणारं छोटं यंत्र पाण्यात बुडवून ठेवा. लोडशेडिंगच्या दोन तासांत काय झालं ते तेच सांगेल.

३. सूक्ष्मदर्शकाचा दिवा विसरू नका. स्लाइडवरचा पाण्याचा थेंब दिव्याखाली पटकन तापतो. अंटार्क्टिकात यासाठी थंड केलेली बैठक वापरतात. तुम्ही एलईडी दिवा वापरा, निरीक्षणाला वेळेची मर्यादा घाला, आणि पाहिलेला भ्रूण परत मूळ भांड्यात टाकू नका.

४. भांडी मोजा, भ्रूण नको. एका भांड्यात २०० भ्रूण असले तरी तापमानासाठी तो एकच नमुना आहे. प्रत्येक तापमानाला किमान तीन-चार स्वतंत्र भांडी ठेवा, आणि प्रत्येकात वेगळ्या गोगलगायीची अंडी. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला छद्म-पुनरावृत्ती म्हटलं. मौखिक परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

५. वेग आणि बिघाड वेगवेगळे नोंदवा. जास्त तापमानाला भ्रूण लवकर वाढतात, पण वाकडे वाढतात. नुसता वेग मोजला तर जास्त तापमान चांगलं वाटेल.

६. अंडी घालणारी गोगलगाय आधी कोणत्या तापमानात होती ते लिहा. नगरला डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात ४० गाठतो. हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या गोगलगायीची अंडी एकाच तापमानाला ठेवून तुलना केली, तर तो स्वतंत्र अभ्यासाचा प्रश्न होऊ शकतो.

पाच तापमानांचे आकडे हातात आले की वर सांगितलेला आलेख काढा. रेषा आडव्या अक्षाला कुठे छेदते ते बघा. मग वरच्या टोकाला बिंदू रेषा सोडून खाली कुठे वळतात तेही बघा. तुमच्या गोगलगायीचं पायाचं तापमान आणि तिची वरची मर्यादा, दोन्ही मिळतील. लॉइड पेक ज्या आलेखावरून अंटार्क्टिकाबद्दल बोलतात तो या जातीचाच आलेख आहे. फक्त त्यांचे बिंदू शून्याच्या पलीकडे जातात.

ध्रुवीय मोहिमेला जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ. पण हा आलेख ज्याने स्वतः काढलाय, ज्याला त्यातला प्रत्येक बिंदू कुठून आला हे सांगता येतं, त्याचा प्रस्ताव वेगळा वाचला जातो. जूनच्या पहिल्या पावसानंतर तळी भरली की अंडपट्ट्या शोधायला सुरुवात करा. तोवर तापमान नोंदवणारं यंत्र, चांगल्या भिंगाचा सूक्ष्मदर्शक आणि एक जाड वही एवढं जमवून ठेवा.